आधी बातमी, मग कार्यक्रम

कार्यक्रम अजून व्हायचा असायचा आणि त्याचा वृत्तांत आमच्या संपादकांच्या खिशात तयार असायचा. 'क्लबतर्फे आयोजित रक्तदान शिबिर उत्साहात संपन्न झाले. नागरिकांनी उदंड प्रतिसाद दिला. आभारप्रदर्शनानंतर अल्पोपाहाराने कार्यक्रमाची सांगता झाली.' हे सगळं शुक्रवारी लिहून व्हायचं आणि शिबिर असायचं रविवारी. मी क्लबात नवीन होते तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "अहो, पण प्रतिसाद उदंड मिळालाच नाही तर?"

त्यांचा चेहरा पडला. मी बोलून दाखवलं म्हणून आता तसंच होणार, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, लग्नपत्रिका लग्नाच्या आधी छापतात की नंतर?"

"आधी."

"मग? पत्रिका छापली की लग्न लावावंच लागतं. बातमीचंही तसंच. लिहून ठेवली की माणसाला पळता येत नाही."

लग्नपत्रिकेचा दाखला त्यांना सुचणं साहजिकच होतं, कारण त्यांचा व्यवसायच तो होता. रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत त्यांचा लहानसा छापखाना होता. पत्रिका, बिलबुकं, हळदीकुंकवाची आमंत्रणं आणि आमच्या क्लबचं चार पानी पत्रक, एवढा त्याचा पसारा. त्या चार पानांमुळे सगळे त्यांना संपादक म्हणायचे. पुढेपुढे त्यांच्या घरीही फोन केला तर वहिनी म्हणायच्या, "थांबा हं, संपादकांना बोलावते." खरं नाव लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर लिहायची वेळ आली की आम्ही एकमेकांना विचारायचो.

आमचा क्लब म्हणजे पत्ते कुटायचा नव्हे, समाजसेवेचा. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये जरा बरं चाललेल्या माणसाने अशा एखाद्या क्लबात असायचं, अशी पद्धत होती. दर मंगळवारी संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये सभा भरायची. अध्यक्ष पितळी घंटा वाजवायचे, सगळ्यांच्या छातीवर क्लबची पिन असायची. रक्तदान, नेत्रशिबिर, शाळांना दप्तरं, वृक्षारोपण अशी कामं व्हायची, आणि उरलेल्या वेळात आम्ही एकमेकांचे आभार मानायचो. मी कॉलेजात भूगोल शिकवायचे. क्लबात घेतलेली मी पहिली बाई, म्हणून लगेच सेक्रेटरीही झाले. बायकांचं अक्षर चांगलं असतं, असं कारण भर सभेत सांगण्यात आलं आणि त्यावर टाळ्याही वाजल्या.

तर संपादक. अंगाने किडकिडीत, राखाडी सफारी, नखांत कायम शाई. पोटात सतत आग पडायची, म्हणून खिशात बडीशेपेची डबी. कार्यक्रम सुरू झाला की हे हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे. हातात स्वतःच लिहिलेला वृत्तांत. पुढे एकेक गोष्ट घडत जाईल तसे यांचे ओठ हलायचे. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. पाहुण्यांचा परिचय झाला. गाडी रुळावरून जरा जरी घसरली की ते पुढे धावायचे. बातमी बदलायची कल्पना त्यांच्या डोक्यात कधी येत नसे. बदलायचा तो कार्यक्रम.

एका वृक्षारोपणाच्या बातमीत त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'मान्यवरांच्या हस्ते वड, पिंपळ व कडुनिंबाची रोपे लावण्यात आली.' नर्सरीवाल्याने पाठवला सगळा गुलमोहर. अध्यक्ष म्हणाले, झाड ते झाड. संपादक स्कूटरला किक मारून गेले ते अर्ध्या तासाने घामाघूम होऊन परत आले. पायाशी पिंपळाचं एक खुरटं रोप, मुळांना सिमेंट लागलेलं. छापखान्याच्या कठड्याच्या भेगेत उगवलेलं ते त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने उकरून आणलं होतं. वड आणि कडुनिंब कुठून पैदा केले, ते मी विचारलं नाही.

प्रमुख पाहुणा ऐनवेळी आला नाही तर, या भीतीवर त्यांनी काढलेला उपाय तर केवळ थोर होता. त्यांनी एक राखीव पाहुणा ठेवला होता. त्यांच्याच गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक. क्लबचा कार्यक्रम असला की या बिचाऱ्यांनी दुपारपासून कोट घालून, केस विंचरून घरी बसायचं. 'गरज पडली तर कळवतो.' बहुतेक वेळा गरज पडायची नाही, आणि कळवायचं संपादक विसरायचे. एकदा समारंभ संपून आम्ही खुर्च्या उचलत होतो तेव्हा हॉलवर त्या मुख्याध्यापकांच्या बायकोचा फोन आला. "यांचा कोट काढू का आता? पेंगायला लागलेत."

आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे. पण त्यांच्याबरोबर काम करताना जिवाला स्वस्थता कशी ती नव्हती. त्यांची भीती सर्दीसारखी लागायची. घरून निघताना मी गॅस बंद केलाय ना, हे तीन-तीनदा बघायला लागले ते त्यांच्यामुळेच. वहिनी सांगायच्या, घरी पाहुणे जेवायला येणार असले की हे सकाळपासूनच 'सगळे पोटभर जेवून गेले' असं पुटपुटत फिरतात, आणि पाहुणे खरंच जेवून उठेपर्यंत स्वतः घास खात नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

त्या हिवाळ्यात आम्ही दोन नेत्रशिबिरं एकदम घेतली. एक पेठच्या बाजूच्या डोंगरातल्या गावांसाठी आणि एक नांदगावकडच्या गावांसाठी. म्हणजे एक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आणि दुसरं पूर्वेच्या. तपासणी तिकडे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मात्र नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यात. शस्त्रक्रिया नीट पार पडल्या. रविवारी सकाळी सगळ्यांना दोन गाड्यांनी घरी सोडायचं ठरलं. पेपरला बातमी सोमवारी यायची तर ती लवकर द्यायला हवी, म्हणून संपादकांनी ती शनिवारीच देऊन टाकली होती. शेवटचं वाक्य होतं, 'शस्त्रक्रिया झालेल्या सर्व रुग्णांना क्लबच्या खास वाहनांनी सुखरूप घरी पोहोचवण्यात आले.'

रविवारी दवाखान्याच्या अंगणात आमचा फोटो होता. फोटोशिवाय समाजसेवा पुरी होते असं आमच्याकडे कोणी मानत नसे. त्या वर्षीचे अध्यक्ष सिमेंटचे मोठे व्यापारी. ते म्हणाले, दोन्हीकडचे पेशंट एकत्रच बसवा, गर्दी चांगली दिसेल. मग फोटोग्राफरने सगळ्यांची उंचीप्रमाणे मांडणी केली. बुटके पुढे, उंच मागे. सगळ्यांच्या अंगावर क्लबने दिलेली एकसारखी घोंगडी, कोणाच्या डोळ्यावर पट्टी, कोणाच्या डोळ्यावर हिरवं कापड. पाहुणे उशिरा आले. ऊन चढलं. फोटो झाल्यावर एकच घाई उडाली, आणि आमच्या सभासदांनी अगदी मायेने एकेका म्हाताऱ्याचा हात धरून समोर दिसेल त्या गाडीत बसवलं. माणसं मोजली होती, पण ती फोटोत. गाडीत मोजायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी सभेची घंटा वाजली आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. तिशीचा, काटक, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. हातात घडी केलेला पेपर.

"डोळ्यांचं शिबिर तुमीच घेतलं ना?"

"हो हो, या," अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाटलं, आभार मानायला आलाय.

"आमची आय घरी नाय आली."

त्याने पेपर उघडून अध्यक्षांपुढे धरला. "गुरुजींनी वाचून दावला. समद्यांना घरी पोचवलं, आसं लिवलंय. आमची आय कोणाच्या घरी पोचवली?"

एकेक करून कळत गेलं. पेठकडे गेलेल्या गाडीत ती नव्हती. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती, जरा सूज होती म्हणून डॉक्टरांनी ती काढली नव्हती. बुधवारी गावी जाऊन तेच काढणार होते. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलेला, त्यातून फक्त उजेड आणि अंधार कळायचा. गाडीतल्या शेजारणीला वाटलं, सूज आहे म्हणून दवाखान्यातच ठेवली असेल. सोमवारी गुरुजींनी पेपर वाचून सांगितलं, दवाखान्यात कोणी नाही, सगळे घरी पोचलेत. मग याला वाटलं, आई वाटेत बहिणीच्या गावाला उतरली असेल. तो तिकडे चालत गेला. तिथेही नव्हती.

"काहीतरी गैरसमज झाला असेल," अध्यक्ष म्हणाले.

"मेली आसंल तर सांगा, साहेब," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आमी भांडाय नाय आलो. न्याय आलोय तिला."

मी संपादकांकडे पाहिलं. ते भिंत सोडून खाली बसले होते, खुर्चीवर नव्हे, फरशीवर. मग उठले, टेबलावरच्या फोनकडे गेले आणि पेपरच्या ऑफिसचा नंबर फिरवू लागले. अध्यक्षांनी फोनवर हात ठेवला. "काय करताय?"

"बातमी खोटी आहे म्हणून सांगतो."

"अहो, आधी बाई तर सापडू दे! पुढच्या आठवड्यात वरून पाहुणे येतायत. क्लबचं नाव जाईल."

"बातमी खोटी होती म्हणून तर दोन दिवस तिला कोणी शोधलं नाही," संपादक म्हणाले. अध्यक्षांना उलटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पट्टीखाली काय चाललंय ते पट्टी काढल्याशिवाय कळत नाही. आत जंतू गेले असले तर एकेक दिवस महत्त्वाचा. डोळा जाऊ शकतो. मी हे वाक्य सगळ्यांना सांगितलं आणि सांगताना मुलाकडे बघायचं टाळलं.

त्याच संध्याकाळी संपादक, मी आणि तो मुलगा नाशिकच्याच द्वारका चौकात गेलो. भाड्याच्या गाड्या तिथे उभ्या असायच्या. चारही बाजूंनी ट्रक, हॉर्न, धूर, आणि आम्ही एकेका गाडीच्या काचेवर हात मारून विचारतोय, "रविवारी नांदगावला कोण गेलं होतं?" संपादक प्रत्येकाला आधी विचारायचे आणि उत्तर यायच्या आतच, "नाही ना?" असंही म्हणायचे. मला त्यांचा इतका राग आला की मी म्हटलं, "तुम्ही जरा गप्प राहता का?" ते गप्प राहिले. त्याने मला आणखीच भीती वाटली.

शेवटी तो ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सापडला.

"होती ना एक आजी," तो म्हणाला. "एकेक गाव उतरत गेलं, ती बसूनच. विचारलं तर नुसती मान हलवायची. शेवटच्या वस्तीवर एका जोडप्याने हात धरून उतरवून घेतली. मला वाटलं, त्यांचीच असंल."

"ती जिवंत होती ना?" संपादकांनी विचारलं.

ड्रायव्हरने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. मुलगा मात्र पहिल्यांदाच टपरीच्या बाकावर बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही जीपने निघालो. भूगोलाच्या बाईला जिल्हा काही नवीन नव्हता. डोंगरातल्या त्या म्हातारीला मात्र तो सगळा उलटा गेला असणार. जंगल, भातखाचरं आणि नागलीचा मुलूख सोडून ती माळरानावर, बाजरी-कांद्याच्या गावात जाऊन पडली होती, आणि तेही काही न दिसता. तिची बोली तिथे कोणाला कळत असेल? जेवायला काय दिलं असेल? दिलं तरी असेल का? संपादकांच्या खिशात वृत्तांत नव्हता, त्यामुळे त्यांच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. बडीशेपेची डबी उघडत होते आणि न खाताच बंद करत होते. मलाही भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर म्हातारीच्या काळजीपेक्षा दार उघडल्यावर काय दिसेल याची धास्ती जास्त होती.

वस्तीवर विचारावं लागलं नाही. घोंगडी लांबूनच दिसली. घराच्या पडवीत बाजेवर ती बसली होती, इवलीशी, डोळ्यावरची पट्टी तशीच. केसांना तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली. तिच्या शेजारी डोळ्यावर हिरवं कापड लावलेला एक शेतकरी आडवा झाला होता. आमच्याच शिबिराचा पेशंट.

"आय," मुलगा म्हणाला.

तिने मान वळवली. "आलास? जेवलास का काय?"

तो तिच्या पायाशी बसला आणि मोठ्याने रडायला लागला. ती चाचपत त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

घरातली बाई बाहेर आली. चाळिशीची असेल, सावळी, दणकट. आम्ही क्लबचे म्हटल्यावर तिने कमरेवर हात ठेवले. "आत्ता आलात व्हय? यांच्या भावाने नांदगावात तुमचं शिबिर भरलं व्हतं तिथं जाऊन विचारलं ना. तिथल्या माणसाने पेपर काढून दाखवला. म्हणे सगळे पेशंट आपापल्या घरी पोचले, ही बाई तुमचीच कोणी पाव्हणी असंल. आता पाव्हणी तर पाव्हणी. गाव विचारलं तर नाव सांगायच्या, पण आमी कदी ऐकलं बी नाय ते. पट्टीला मात्र हात लावू दिला नाय त्यांनी. डॉक्टरच काढणार म्हणे."

संपादकांनी हे सगळं उभ्याने ऐकलं. मग त्या बाईला हात जोडले, आणि जोडलेले हात बराच वेळ सुटेनात. तिलाच अवघडलं. "अहो दादा, असू द्या," ती म्हणाली.

निघताना म्हातारी तिचा हात सोडत नव्हती. तरी घाई केली आम्ही. दुपारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टर तिला आत घेऊन गेले. मुलगा दाराशी बसला. संपादक त्या लांबलचक बोळातून या टोकापासून त्या टोकाला चालत राहिले. मी बाकावर बसून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होते आणि मनात एकच घोकत होते, तिचा डोळा असू दे, असू दे. देवाबिवाचं मी फारसं करत नाही. त्या दिवशी केलं.

डॉक्टर बाहेर आले. "सूज उतरलीय. डोळा चांगला आहे."

संपादक चालायचे थांबले. मग एवढ्या मोठ्याने हुंदका दिला त्यांनी, की नर्स धावत आली.

इथे एक मधलंच सांगून टाकते. पेपरच्या ऑफिसात ते त्याच संध्याकाळी स्वतः गेले आणि क्लबची बातमी चुकीची होती असं लिहून देऊन आले. कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात छापून आलं ते. अध्यक्ष वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. संपादकपद मात्र त्यांच्याकडेच राहिलं, कारण फुकट छापून देणारा दुसरा कोणी नव्हता. पण त्यानंतर त्यांचं पत्रक कधीही वेळेवर आलं नाही. दोन हजार साल उलटलं, क्लबात मोबाईल आले, फोटो कॉम्प्युटरवर यायला लागले, तरी दिवाळीतल्या कार्यक्रमाची बातमी आम्हाला संक्रांतीला मिळायची. कारण ते प्रत्येक माणसाला परत जाऊन विचारायचे, दप्तर मिळालं का, चष्मा बसला का, घरी पोचलात का. नवीन सभासद चिडायचे. मी त्यांना काही सांगत नसे. कुठून सुरुवात करणार?

दवाखान्यातली गोष्ट राहिली. म्हातारी काळा चष्मा घालून बाहेर आली. तो वर करून तिने मुलाला न्याहाळलं. "वाळलास," ती म्हणाली. तेवढ्यात अध्यक्ष आले. हातात पुष्पगुच्छ, मागे फोटोग्राफर.

"आजी, चला. आता क्लबच्या गाडीतून तुम्हाला थेट तुमच्या घरी सोडतो."

"आधी तिकडं," ती म्हणाली.

"कुठं?"

"त्या बायकडं. तिनं मला घास भरवला. न्हाय म्हटलं तरी केस विंचरले. तिचं तोंड मी पाहिलं नाय."

"आय, लय लांब हाय ते," मुलगा म्हणाला. "आत्ताच तर आलो. घरी चल."

"आपण त्यांना इकडे बोलावू कधीतरी, सत्कार करू," अध्यक्ष म्हणाले.

ती बाकावर बसली आणि दोन्ही पाय वर घेतले. बरेच डोळे तिच्यावरून संपादकांकडे गेले. ते डॉक्टरांना विचारत होते, उद्या एवढा प्रवास चालेल का, धूळ चालेल का, चष्म्यावरून पदर घेतला तर चालेल का. डॉक्टर हो म्हणाले. "मग उद्या सकाळी जीप आणतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्ही तेच चौघं, ड्रायव्हर धरून पाच. म्हातारी पुढच्या सीटवर. सगळ्या रस्त्याभर ती बाहेर बघत होती आणि मध्येच म्हणायची, "झाडं कुठं गेली यांची?" संपादक दर थोड्या वेळाने विचारत होते, डोळ्यात पाणी येतंय का, टोचतंय का. शेवटी ती म्हणाली, "तू बोललास की टोचतंय."

जीपचा आवाज ऐकून त्या घरातल्या तीन बायका बाहेर आल्या. ती सावळी, तिची जाऊ, आणि एक नवी नवरी असावी, गोरी, नाकीडोळी नीटस. आम्हाला बघून सावळी पुढे व्हायला लागली. संपादक सांगायला गेले, "आजी, या बघा..."

"सांगू नको," म्हातारी म्हणाली.

ती काठी टेकत अंगणात गेली. चष्मा काढला. तिघी गप्प उभ्या, पदरात हसू दाबून. म्हातारीने तिघींना नीट पाहिलं आणि सरळ त्या गोऱ्या सुनेपुढे जाऊन तिच्या गालावरून हात फिरवला. "लक्ष्मी गं माझी."

सून ओशाळली. सावळीला हसू आवरेना, ती खळाळून हसली. त्या आवाजासरशी म्हातारी गर्रकन वळली.

"तू व्हय!" ती म्हणाली. तिच्याकडे बघतच राहिली. जवळ गेली, तिचा हात उलटासुलटा करून पाहिला, कपाळ पाहिलं, हनुवटी धरली. "अशी हायस तू. मी तुला गोरी धरून चालले व्हते बाय."

"मंग आता वंगाळ वाटले व्हय?" सावळीने विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती.

म्हातारीने नुसती मान हलवली.

मग चूल पेटली. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आम्ही सगळे पडवीत बसलो. म्हातारीने सावळीला आपल्याजवळ बसवून घेतलं, भाकरीचा घास मोडला आणि म्हणाली, "आ कर." ती लाजली, पण तिने तोंड उघडलं. मुलगा खाली मान घालून जेवत होता.

संपादक बसले नव्हते. जीपपाशी उभे राहून उन्हाकडे बघत होते, पुढे पेठपर्यंतचा घाट राहिला होता, अंधाराआधी जायचं होतं, तिची औषधाची वेळ होती, हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मंगळवारपासून त्यांनी काही खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं.

"त्याला बोलवा इकडं," म्हातारी म्हणाली.

ते आले आणि तिच्यापुढे उकिडवे बसले. तिने त्यांचं तोंडही नीट पाहून घेतलं. मग दुसरा घास मोडला, चटणीला लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"खा बाबा," ती म्हणाली. "मी पोचले."